खडूची रेघ, मुंग्यांची रांग

प्राथमिक शाळेत विज्ञानाच्या तासाला ‘प्रयोग’ म्हणून जे चालतं, त्यात उत्तर बहुतेक वेळा आधीच ठरलेलं असतं. ताटलीतल्या पाण्यात मेणबत्ती लावायची, तिच्यावर ग्लास उपडा घालायचा, मेणबत्ती विझली आणि पाणी वर चढलं की सगळ्यांनी एका सुरात कारण सांगायचं. मुलं सांगतातही, कारण खालीच ते छापलेलं असतं. (हे सर्रास सांगितलं जाणारं कारण, की ऑक्सिजन संपला म्हणून पाणी वर आलं, अर्धवट आहे. गरम झालेली हवा थंड होऊन आकसते, हा त्यातला मोठा भाग. पण ते असो.) अशा तासाला मजा येते, शोध लागत नाही. तिसरी-चौथीच्या मुलांबरोबर खरंखुरं संशोधन करून बघायचं ठरवलं, तेव्हा माझी एकच अट होती: प्रश्न असा हवा की ज्याचं पक्कं उत्तर मलाही देता येणार नाही.

असा प्रश्न मी शोधून आणला असता तर तो माझा झाला असता. म्हणून वर्गात एक खोकं ठेवलं आणि मनात येईल तो प्रश्न चिठ्ठीवर लिहून टाका म्हटलं. खोकं भरायला वेळ लागला नाही. आकाश कुठे संपतं, माणूस मेल्यावर त्याला स्वप्नं पडतात का, डायनासोर आणि हत्ती यांची मारामारी झाली तर कोण जिंकेल, कुत्रा शेपूट का हलवतो, माझे दात माझ्या भावाच्या आधी का पडले. प्रश्न सगळेच झकास होते, पण बहुतेक आपल्या हातात न येणारे. मग चिठ्ठ्या जमिनीवर पसरून मुलांनाच निवडायला लावलं. कसोटी एवढीच, की आपल्याकडे आहे तेवढ्या सामानात, शाळेच्या आवारात, स्वतः काहीतरी करून आणि बघून याचं उत्तर मिळेल का? हत्ती आणि डायनासोर बाद झाले तेव्हा थोडी हळहळ झाली. कुत्र्याच्या शेपटीवर बराच खल झाला. शेवटी एकाने, कुत्रा आपल्याला हवा तेव्हा शेपूट हलवेल कशावरून, असं विचारलं आणि तो प्रश्नही मागे पडला.

उरलेल्यांतला एक होता, ‘मुंगी खडूची रेघ का ओलांडत नाही?’ चिठ्ठी वाचताच चार उत्तरं आली. खडू विषारी असतो. मुंगीला ती भिंत वाटते. भुकटी नाकात जाते. रस्त्याचा वास पुसला जातो. आणि मागच्या बाकावरून एक मुलगा वैतागून म्हणाला, “पण ओलांडते की! मी बघितलंय.”

माझ्या दृष्टीने प्रश्न तिथेच ठरला. ‘का’ हे तर पुढचंच राहिलं, मुळात तसं होतं की नाही याबद्दलच वर्गात दोन तट पडले होते. शाळेच्या मागच्या भिंतीच्या कडेने बारीक काळ्या मुंग्यांची एक रांग कायम चालू असायची, त्यामुळे सामानाचीही अडचण नव्हती.

एका गोष्टीचा उलगडा मात्र आधीच करावा लागला. खडू विषारी असतो म्हणणारी मुलगी ठामपणे सांगत होती की तिच्या घरी खडूची रेघ मारली की मुंग्या मरतात. ती चूक नव्हती. कीटक मारण्यासाठी मिळतो तो खडू वेगळा, त्यात कीटकनाशक असतं. फळ्यावरचा खडू म्हणजे चुनखडी किंवा जिप्सम. आजकाल बहुधा जिप्समच. दोन्ही दिसायला सारखेच, आणि भीती नेमकी तीच. म्हणून घरून कोणीही खडू आणायचा नाही, वर्गातलाच वापरायचा आणि काम झालं की हात साबणाने धुवायचे, हा आमचा पहिला नियम. दुसरा नियम मुलांनी केला: मुंगी चिरडायची नाही. तो करताना सगळ्यांच्या नजरा एकाच मुलाकडे का वळल्या, ते मी विचारलं नाही.

पहिल्या दिवशी नुसता गोंधळ झाला, आणि मी तो होऊ दिला. रांगेच्या आडवी रेघ मारली आणि सगळा वर्ग भिंतीवर वाकला. “थांबली!” “गेली गेली!” “ती नाही, ती दुसरी!” “अरे, माझी परत फिरली!” वर्गात आल्यावर विचारलं, मग काय, ओलांडतात की नाही? दोन्ही तट जास्तच ठाम होऊन परतले होते. किती मुंग्या ओलांडून गेल्या, किती परत फिरल्या, हे मात्र एकालाही सांगता येईना.

“मोजायला पाहिजे,” असं कोणीतरी म्हणालं. हे मी सांगितलं असतं तर ती बाईंची शिस्त ठरली असती.

पण मोजायचं म्हटलं आणि खरं भांडण पुढे आलं. ओलांडली असं कधी म्हणायचं? मुंगीचं डोकं रेघेच्या पलीकडे गेलं की? सहाही पाय गेले की? पलीकडे जाऊन लगेच परत आली तर? एक मुंगी रेघेवर चढून तिथेच मिशा हलवत उभी राहिली होती, तिचं काय करायचं? या वादात आमचा अख्खा तास गेला. बाहेरून बघणाऱ्याला वाटलं असतं की या वर्गात आज काहीच शिकवलं नाही. मला विचाराल तर या सगळ्या उपद्व्यापातला सर्वांत मोलाचा तास तोच होता. मोजणी सोपी असते. नक्की काय मोजायचं हे ठरवणं अवघड, आणि ते आपण मुलांच्या हाती कधी देतच नाही; तक्ता आखून देतो, रकान्यांना मथळे देतो आणि आकडे भरा म्हणतो.

शेवटी मुलांनी काढलेली तोड अशी. खडूच्या रेघेच्या दोन्ही बाजूंना बोटभर अंतरावर एकेक खूण. मुंगी अलीकडच्या खुणेतून आत शिरली की ‘आली’. पलीकडच्या खुणेतून बाहेर पडली तर ‘पार’. आली त्याच बाजूने बाहेर पडली तर ‘परत’. मध्ये ती कितीही घुटमळली तरी बाहेर पडेपर्यंत निकाल नाही. मी हे फळ्यावर लिहून घेतलं आणि खाली तारीख टाकली, कारण पुढे हा नियम दोनदा बदलला आणि जुने आकडे कोणत्या नियमाने घेतलेत ते कळावं म्हणून तारखेचाच आधार झाला.

खुणा पेन्सिलने करू असं ठरत होतं, तेवढ्यात एक मुलगी म्हणाली, “पण बाई, पेन्सिलची रेघसुद्धा मुंगीला नको असली तर?” बहुतेक मोठ्या माणसांना न सुचणारी शंका. तिच्यामुळे दोन गोष्टी झाल्या. खुणा म्हणून रांगेच्या वर, मुंग्यांच्या वाटेत येणार नाहीत अशा, कागदी चिकटपट्टीचे तुकडे लावले. आणि काहीही न करता, नुसत्या चिकटपट्ट्यांमधून किती मुंग्या सरळ जातात आणि किती उगाचच परत फिरतात, तेही मोजायचं ठरलं. रस्ता मोकळा असतानाही काही मुंग्या अर्ध्यातून मागे वळतात, हे आम्हाला तेव्हा कळलं. ते माहीत नसतं तर खडूच्या रेघेवरून परतलेल्या प्रत्येक मुंगीचं खापर आम्ही खडूवरच फोडलं असतं. तुलनेसाठी काहीच न करण्याच्या या रांगेला शास्त्रज्ञांच्या भाषेत वेगळं नाव आहे. मुलं तिला ‘साधी रांग’ म्हणत, आणि तेवढ्यावर काम भागलं.

गटांबद्दल थोडं, कारण हे करून बघणाऱ्याला उपयोगी पडेल. पाच-सहा मुलांचा गट मुंग्यांसाठी फार मोठा होतो. डोकी एकमेकांवर आपटतात आणि सावली पडते. तिघांचा गट बरा: एकाने मुंगीवरून नजर हलवायची नाही आणि फक्त ‘पार’ किंवा ‘परत’ म्हणायचं, दुसऱ्याने पाच-पाचच्या जुडीत उभ्या रेघा मारायच्या, तिसऱ्याने खुणा, रेघ आणि गर्दी सांभाळायची. कामं आलटून पालटून. आधी आम्ही पाच मिनिटांत किती, असं मोजत होतो, पण मग एका गटाच्या वाट्याला भरपूर मुंग्या येत आणि दुसऱ्याच्या अगदी थोड्या, आणि टक्केवारी न शिकलेल्या मुलांना त्यांची तुलना करता येईना. त्यावर उपाय म्हणजे घड्याळ बाजूला ठेवून पहिल्या २० मुंग्या मोजायच्या. मग २० पैकी १८ आणि २० पैकी ७ यांत जास्त कोण, हे सांगायला कोणाचीही गरज पडत नाही.

आता रेघांचे प्रकार. पांढरा खडू, रंगीत खडू, पेन्सिल, कोरडी माती, नुसतं बोट घासलेली जागा आणि ओल्या फडक्याने पुसलेला पट्टा. शेवटचे दोन, रस्त्याचा वास पुसला जातो म्हणणाऱ्या गटाचे. त्यांचा मुद्दा सरळ होता: खडूचा दोष असेल तर बोट फिरवल्याने काही व्हायला नको, आणि वासाचा असेल तर खडूशिवायही मुंग्या अडायला हव्यात. आठ-नऊ वर्षांच्या मुलांनी हे एवढं नेटकं मांडलं नव्हतं. ते तुकड्यातुकड्यांनी, एकमेकांचं वाक्य तोडत आलं. पण आलं.

बोटाचा प्रयोग मी जवळ बसून बघितला. एका मुलाने रांग जरा विरळ झाल्यावर अंगठ्याने भिंत आडवी घासली. डोळ्यांना तिथे काहीही दिसत नव्हतं, ना डाग ना भुकटी. पुढून येणारी पहिली मुंगी अगदी त्या जागेच्या काठाशी आली आणि थबकली. मिशा भिंतीला टेकवत डावीकडे गेली, उजवीकडे गेली, परत फिरली, पुन्हा आली. तिच्या मागे दुसरी, तिसरी. पलीकडच्या बाजूलाही तशीच गर्दी साचली. मग एक मुंगी वाकडीतिकडी वाट काढत पार झाली. तिच्या पाठोपाठ आणखी एक. थोड्या वेळात रांग पूर्ववत सुरू झाली. अंगठा घासणारा मुलगा अंगठ्याकडेच बघत राहिला होता.

खडूच्या रेघेवरही घडलं तेच, पण जास्त वेळ. ताज्या रेघेवरून बहुतेक मुंग्या परत फिरत. मग एखादी ओलांडे, आणि नंतर हळूहळू सगळ्याच. त्याच रेघेवर पुन्हा २० मुंग्या मोजल्या, नंतर पुन्हा २०, तर ‘पार’च्या खुणा वाढत गेलेल्या. दोन तटांचं भांडण मिटलं ते इथे. ओलांडत नाही म्हणणाऱ्यांनी ताजी रेघ पाहिली होती, ओलांडते म्हणणाऱ्याने जुनी. मागच्या बाकावरचा तो मुलगा पुढे दिवसभर, मी म्हणालो होतो ना, असं सांगत फिरला, आणि दुसरा तट, आम्ही पण बरोबरच होतो, असं.

एका मुलीचं मात्र वेगळंच चाललं होतं. अभ्यासात पहिली, वही देखणी. तिच्या गटाचे आकडे फारच गुळगुळीत होते, आणि शेजारच्या गटाचे वेगळे आले तेव्हा ती माझ्याकडे येऊन हळूच म्हणाली, “बाई, बरोबर उत्तर किती आहे?” मी म्हटलं, मला माहीत नाही. तिला ते पटलं नाही. बाईंना माहीत असून त्या सांगत नाहीत, अशी तिची खात्री. मग तिने विचारलं, “पण तुम्हाला माहीत नाही तर आमचं तपासणार कोण?” हा प्रश्न मी वर्गापुढे ठेवला. थोड्या चर्चेनंतर ठरलं की दोघांनी एकाच वेळी, एकमेकांचा कागद न बघता, त्याच २० मुंग्या मोजायच्या. जुळलं तर ठीक, नाही जुळलं तर पुन्हा. शिवाय दोघांपैकी एक खडू विषारी आहे म्हणणाऱ्यांतला आणि दुसरा त्याच्या विरुद्ध मताचा हवा, म्हणजे कोणाला आपल्या बाजूने खुणा मारायचा मोह होणार नाही.

हे ठरलं त्या दिवशी मी त्यांना एमिली रोझाची गोष्ट सांगितली. रुग्णाला हात न लावता, नुसते अंगावरून फिरवून त्याची ‘ऊर्जा’ हातांना जाणवते असा दावा करणाऱ्या उपचारकांची या अमेरिकन मुलीने वयाच्या नवव्या वर्षी परीक्षा घेतली. मध्ये पुठ्ठ्याचा पडदा. उपचारकाने त्याच्या खालून दोन्ही हात पुढे करायचे. एमिली नाणं उडवून ठरवणार की आपला हात त्याच्या डाव्या हातावर धरायचा की उजव्या, आणि त्याने न बघता ओळखायचं. २१ जणांनी मिळून २८० वेळा प्रयत्न केला. बरोबर आलं ते ४४ टक्के, म्हणजे नुसतं अंदाजपंचे सांगण्याइतकंही नाही. १९९८ मध्ये हे अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात छापून आलं. मुलांना टक्के समजले नाहीत. पडदा आणि नाणं लगेच समजलं. दुसऱ्या दिवशी कुठल्या गटाने कोणती रेघ आधी मारायची हे नाणं उडवूनच ठरलं, आणि नाणं पुन्हा उडव म्हणून हट्ट धरणाऱ्यालाही मुलांनी परस्पर गप्प केलं.

मुंग्या गंधाच्या वाटेवर चालतात हे मला अर्थातच माहीत होतं, आणि ते मी मुद्दाम शेवटपर्यंत राखून ठेवलं. आधी सांगितलं असतं तर अंगठ्याचा प्रयोग म्हणजे पुन्हा तीच मेणबत्ती. मुलांनी आपल्या डोळ्यांनी बघून, वास पुसला जात असावा, इथपर्यंत आल्यावर मी सांगितलं की अठराव्या शतकात शार्ल बोने नावाच्या स्विस निसर्गअभ्यासकाने नेमकं हेच केलं होतं, मुंग्यांच्या वाटेवर बोट घासलं होतं. “आमच्याच सारखं?” हो, तुमच्याच सारखं. मग १९५९ च्या सुमारास एडवर्ड विल्सन यांनी मुंगीच्या पोटातली एक बारीकशी ग्रंथी काढून तिचा रस रेघेसारखा ओढला आणि मुंग्या त्या रेघेवरून चालू लागल्या. कीटक एकमेकांना निरोप देण्यासाठी जे पदार्थ सोडतात त्यांना फेरोमोन हे नाव त्याच वर्षी मिळालं. सहारातल्या वाळवंटी मुंग्या मात्र गंधाच्या वाटेवर अवलंबून नसतात. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात त्यांच्या पायांना डुकराच्या राठ केसांचे तुकडे चिकटवून पाय लांब केले, तर परतताना त्या आपल्या घराच्या पुढे निघून गेल्या. पाय आखूड केले तर अलीकडेच थांबून घर शोधू लागल्या. म्हणजे पावलांचा काहीतरी हिशेब त्या ठेवत असणार. यावर वर्गात दंगा झाला. अर्ध्या वर्गाला लगेच मुंग्यांना काठ्या बांधायच्या होत्या, आणि उरलेल्या अर्ध्याने पाय आखूड केले म्हणजे कापले का, असं विचारून मला अडचणीत आणलं. हो, कापलेच होते. आमचा दुसरा नियम त्या शास्त्रज्ञांना लागू होता का, यावर मी निकाल दिला नाही.

वासाने सगळं सुटलं असं नाही. जाड रेघ, म्हणजे खडू चार-पाच वेळा घासून भुकटीचा थर बसलेली, अंगठ्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ मुंग्यांना अडवत होती. नुसता वासच पुसायचा असेल तर इतका फरक का पडावा? मुंगीच्या पायाच्या टोकाला नख्या असतात आणि नख्यांच्या मध्ये एक मऊ, किंचित ओलसर गादी. तिच्या जोरावर ती गुळगुळीत भिंतीवरही टिकते. त्या गादीला भुकटी लागली तर पकड सुटत असेल, असं मला वाटतं. मुलांना मी ते ‘वाटतं’ या शब्दासकट सांगितलं. आमच्या तक्त्यातही तोवर दोन वेगळे रकाने झाले होते, ‘आम्ही पाहिलं’ आणि ‘आम्हाला वाटतं’, आणि कुठलं वाक्य कुठल्या रकान्यात बसतं यावर आकड्यांपेक्षा जास्त वेळ भांडण चाले. ‘मुंग्या घाबरल्या’ हे वाक्य पहिल्या रकान्यातून दुसऱ्यात हलवायला दोन दिवस लागले. ते लिहिणाऱ्या मुलाचं म्हणणं, मी पाहिलं ना घाबरलेली. काय पाहिलंस ते लिही म्हटल्यावर त्याने लिहिलं, ‘मुंगी चार वेळा मागे आली आणि मिशा हलवत होती.’

मध्ये एकदा मागची भिंत स्वच्छ धुतली गेली आणि रांगच गायब झाली. नवी रांग नळाशेजारच्या फरशीवर सापडली. तिथे जाड रेघही मुंग्या लवकर ओलांडताना दिसल्या. भिंत उभी आणि फरशी आडवी, म्हणून पकडीचा मुद्दा असेल. किंवा मुंग्याच निराळ्या जातीच्या असतील. दुसऱ्या जागेचे आकडे पहिल्या तक्त्यात मिसळायचे नाहीत, हे सांगावं लागलं नाही.

मुलांच्या नावाने संशोधन छापलं जाऊ शकतं का, असं विचारणाऱ्यांना मी ब्लॅकॉटनचं उदाहरण देते. इंग्लंडमधल्या डेव्हन परगण्यातल्या या गावाच्या प्राथमिक शाळेतल्या ८ ते १० वर्षांच्या २५ मुलांनी भुंगेरी मधमाश्यांवर (बंबलबी) प्रयोग केले. फुलं निवडताना त्या माश्या नुसता रंग बघतात की रंगांची मांडणीही लक्षात ठेवतात, हा त्यांचा प्रश्न. एका मेंदूशास्त्रज्ञाची मदत होती, पण प्रश्न आणि खेळ मुलांचे. रॉयल सोसायटीच्या ‘बायॉलॉजी लेटर्स’ने २०१० च्या डिसेंबरमध्ये तो निबंध रंगीत पेन्सिलींनी काढलेल्या आकृत्यांसकट छापला. आमचं काम तिथवर जाणारं नव्हतं आणि तशी इच्छाही नव्हती. आम्ही तो तक्ता व्हरांड्यात लावला, एवढंच.

तिथे तो दुसऱ्या तुकडीने वाचला आणि स्वतः करून बघितला. त्यांच्या २० पैकी १६ मुंग्या ताजी रेघ सरळ ओलांडून गेल्या. तुमचं चुकलंय, असं सांगायला त्यांची तीन मुलं आमच्या वर्गाच्या दारात आली. माझ्या वर्गातून आधी आरडाओरडा झाला. मग पेन्सिलची शंका काढणारी ती मुलगी उठली आणि तिने विचारलं, “रेघ किती वेळा घासली होती? आणि भिंतीवर की फरशीवर?” त्यांनी ते लिहून ठेवलेलं नव्हतं. मधल्या सुट्टीत दोन्ही वर्गांची मुलं मिळून नळाशी गेली. आता रेघेचा जाडपणा खडू किती वेळा फिरवला त्यावरून लिहायचा असं ठरलंय, आणि दर वेळी खडू तोच मुलगा फिरवणार, कारण प्रत्येकाच्या हाताचा जोर वेगळा.